मॅडम, मी आळशी झालेय का?

‘दिसते तर चांगली, मग एवढी दमते कशाने?’ मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, हा मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार असलेल्या बायकांकडून हे वाक्य मी कितीतरी वेळा ऐकलंय. कधी सासूच्या तोंडचं, कधी ऑफिसातल्या साहेबांच्या. काळजात कळ येते ती, जेव्हा बाई स्वतःच ते स्वतःला म्हणू लागते.

ती चौतीस वर्षांची, बँकेत नोकरीला. पहिल्याच भेटीत माझी नजर तिच्या चपलांवर गेली. डावीचं टोक पार झिजलेलं, उजवी जवळपास नवी. पाऊल नीट उचललं जात नव्हतं, जमिनीला घासत होतं. तिचा प्रश्न मात्र हाच: “मॅडम, मी आळशी झालेय का?”

चालणं कधी बिघडतं, एवढंच लिहून आणायला सांगितलं. तीन आठवड्यांनी ती वही घेऊन आली. रविवारच्या तिन्ही नोंदी सारख्या: ओट्यापाशी उभं राहवेना, पाय ओढत पलंग गाठला.

“रविवारी काय वेगळं असतं?”

“काही नाही. न्हाते.” मग थांबली. “कडकडीत पाण्याने.”

मी गप्प राहिले. तिचं तिलाच सापडू द्यायचं होतं.

“म्हणजे... मी कामं टाळत नव्हते?”

ती बराच वेळ रडली.

एमएसमध्ये नसांवरचं मायलिनचं आवरण खराब होतं. शरीर जरा तापलं तरी अशा नसांतून संदेश अडखळत जातात. अंग निवलं की बहुतेकदा पूर्ववत होतं. जर्मन नेत्रतज्ज्ञ उट्‌हॉफ यांनी १८९० मध्येच, श्रमानंतर अशा रुग्णांची नजर काही वेळ मंदावते, हे नोंदवलंय.

थकवा आजाराचा होता. त्यावर स्वतःला घातलेल्या शिव्या तिच्या होत्या, आणि मी काम करते ते या दुसऱ्या ओझ्यावर. ‘एवढं जमलंच पाहिजे’ मधला तो ‘च’ सोडवायला आम्हाला पुढच्या चार भेटी लागल्या.

आंघोळीला कोमट पाणी घ्या. दमल्यावर नाही, दमायच्या आधी बसा. भाजी स्टुलावर बसून चिरली तरी भाजीच होते. फिजिओथेरपिस्टने आखून दिलेला व्यायाम सोडू नका. थायरॉइड, हिमोग्लोबिन, झोप, मनाची उदासी हेही तपासून घ्या. आणि नवा अशक्तपणा दिवसभर टिकला, तर त्याला उन्हावर ढकलू नका, न्यूरॉलॉजिस्टला फोन करा.

काठीचं नाव काढलं की ती उठून जायची. गेल्या महिन्यात घडीची काठी घेऊन आली, टेबलाला टेकवली आणि मुलाच्या गॅदरिंगबद्दल सांगत बसली.