फ्री डिशची छत्री स्वतः बसवताय? आधी हे वाचा

भाऊ, दिशा आधी पक्की करा. फ्री डिशचा जीसॅट-१५ उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे. सोलापुरातून तो आग्नेयेला, म्हणजे अक्कलकोटच्या दिशेपेक्षा जरा दक्षिणेकडे आणि क्षितिजापासून साधारण ६१ अंश उंच येतो. त्या बाजूला कडुनिंबाची फांदी किंवा पाण्याची टाकी आड येत नाही ना, ते बघा. छत्री मात्र तेवढी आकाशाकडे तोंड केलेली दिसणार नाही. तिची रचनाच तशी असते, म्हणून उगाच मागे वाकवू नका.

खांब ओळंब्यात उभा हवा. तो तिरका असेल तर पुढची सगळी मेहनत वाया जाते. टीव्हीवर सिग्नलची ‘स्ट्रेंग्थ’ (जोर) नव्हे, ‘क्वालिटी’ (दर्जा) बघा. छत्री केसभर सरकवायची, थांबायचं, आकडा बघायचा. घाई नकोच. मग एलएनबी, म्हणजे छत्रीसमोरच्या दांडीवरचा सिग्नल पकडणारा डबा, हळूहळू फिरवा. आपल्याकडून तो बराच तिरका, जवळपास ४३ अंश बसतो. काही चॅनेल दिसतात आणि काही गायब असतात, तेव्हा मी पहिला हात तिथेच घालतो.

वायर आरजी-६ घ्या, स्वस्तातली आपल्या उन्हात तडकते. जोडावर टेप घट्ट गुंडाळा. जोरदार पावसात चित्र अडखळलं तर छत्रीला हात लावू नका, पाऊस ओसरला की येतं.