जुने संगणक भंगारात देण्याआधी

प्रश्न : सावद्याला आमचा केळीचा व्यापार आहे. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून ऑफिसातले संगणक बदलले. जुने गोदामात पडून आहेत. त्यांत शेतकऱ्यांची पासबुकं, आधार, काटापट्ट्या, टॅली सगळं आहे. मुनीमजी म्हणतात, फॉर्मॅट मारून भंगारवाल्याला देऊ. पोरं जमेल तसं फॉर्मॅट करतात, पण कुठलं झालं नि कुठलं राहिलं, ते कळत नाही. काय करावं?
– एक व्यापारी, सावदा

उत्तर : भाऊ, ‘कुठलं झालं नि कुठलं राहिलं’ हीच खरी अडचण आहे. जळगावातल्या दुकानांचे, पतपेढ्यांचे संगणक मी सांभाळतो. पुसलेलं आणि न पुसलेलं एकाच ढिगात पडलं, की घोळ झालाच म्हणून समजा.

म्हणून आधी प्रत्येक कॅबिनेट उघडून डिस्क बाहेर काढा. इथेच नजर चुकते. केबल लावलेली मोठी हार्ड डिस्क लगेच दिसते. ती काढली की पोरांना वाटतं, झालं काम. पण बोटाएवढी एम-टू एसएसडी, म्हणजे चिपांवर मजकूर साठवणारी डिस्क, मदरबोर्डवर एका स्क्रूने आडवी बसवलेली असते, कधी ग्राफिक्स कार्डाखाली झाकलेली. दोन्ही असतील तर विंडोज बहुतेक त्या छोटीवरच असते, आणि डेस्कटॉपवर ठेवलेली पासबुकंही.

प्रत्येक डिस्कच्या स्टिकरवरचा सीरियल नंबर रजिस्टरात घ्या. एकाने वाचायचा, दुसऱ्याने लिहायचा. मग लिहिणाऱ्याने रजिस्टरातून वाचायचा आणि पहिल्याने स्टिकर बघायचा. बी आणि आठ, ओ आणि शून्य यांची गफलत तिथल्या तिथे सापडते. पुसायच्या डिस्क एका कपाटात, पुसलेल्या दुसऱ्यात. गाड्या भरायच्या गडबडीत हे काम काढूच नका.

पुसण्याआधी टॅलीचा बॅकअप नव्या संगणकावर उघडून जुन्या वर्षाचं एखादं खातं बघा. जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावे लागतात.

क्विक फॉर्मॅटने फक्त फाइलींची यादी जाते, मजकूर जागेवरच राहतो. हार्ड डिस्क पूर्ण एकदा ओव्हरराइट केली, म्हणजे जुन्या मजकुरावर सगळीकडे नवं काही लिहिलं, तरी पुरे. एसएसडीला तो भरवसा नाही, लोहचुंबकाचा तर तिच्यावर काहीच परिणाम होत नाही. एसएसडी बनवणाऱ्या कंपनीच्या टूलने सिक्युअर इरेज करा, म्हणजे आतलं सगळं कायमचं पुसा. चालूच होत नसेल तर तिच्यावरची प्रत्येक चिप फोडा. पुसणाऱ्याने स्वतःच ‘झालं’ अशी सही करायची नाही. दुसऱ्याने डिस्क वेगळ्या संगणकाला जोडून, रिकामी दिसली तरी रिकव्हरी सॉफ्टवेअर चालवून बघावं, मगच सही करावी.

त्यानंतरही माल भंगारवाल्याला नको. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी असलेल्या रिसायकलरलाच द्या. डिस्कही देणार असाल तर पावतीवर सीरियल नंबर मागा आणि रजिस्टराशी ताडून बघा.

आणि झेरॉक्स मशीन? मोठ्या मशीनमध्ये बऱ्याचदा हार्ड डिस्क असते, सीसीटीव्हीच्या डीव्हीआरमध्ये तर असतेच. यादीत त्याही घ्या. मशीन भाड्याचं असेल तर ते परत न्यायला माणूस येण्याआधी.