वाचकांचे प्रश्न : टर्मिनलमध्ये अक्षरांतून उमटणारी चित्रे

प्रश्न : महाविद्यालयाच्या सर्व्हरवर मी घरून एसएसएचने (दूरच्या संगणकाशी सुरक्षितपणे जोडणाऱ्या सोयीने) टर्मिनलमध्ये, म्हणजे अक्षरांतून आज्ञा देण्याच्या खिडकीत, काम करतो. तिथली छायाचित्रे आणि आलेख दर वेळी उतरवून घ्यावे लागू नयेत, म्हणून पायथॉन या संगणकीय भाषेत छोटा प्रोग्रॅम लिहिला. प्रत्येक पिक्सेलचा उजळपणा पाहून तो एक चिन्ह छापतो. परंतु चेहरे उभे ताणलेले दिसतात आणि सगळे चित्र निगेटिव्हसारखे उलटे येते. चूक कुठे असावी? (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, सांगली)

उत्तर : दोन्ही दोषांची कारणे वेगळी आहेत आणि दोन्ही दोष एकेका ओळीत दुरुस्त होतात. पिक्सेल चौरस असतो, तर टर्मिनलमधले अक्षराचे घर रुंदीच्या साधारण दुप्पट उंच असते. एका पिक्सेलला एक चिन्ह असा सरळ हिशेब धरला, की चित्र उभे ताणले जाणारच. म्हणून चित्र लहान करतानाच ओळींची संख्या निम्मी करावी. ४:३ प्रमाणाचे छायाचित्र ८० रकान्यांत बसवायचे असेल, तर ओळी ६० नव्हे, ३० घ्याव्यात. फॉन्टनुसार हे प्रमाण थोडे बदलते, त्यामुळे ०.५ हा आकडा प्रोग्रॅमच्या सुरुवातीला वेगळा नोंदवून ठेवणे सोयीचे.

चित्र उलटे येण्याचे कारण चिन्हांच्या उतरंडीत, म्हणजे छटांनुसार लावलेल्या त्यांच्या क्रमात आहे. कागदावर शाई म्हणजे काळोख; काळ्या पडद्यावर मात्र छापलेले अक्षर म्हणजेच उजेड. आपण बहुधा कागदासाठी रचलेली उतरंड घेतली आहे. काळ्या टर्मिनलसाठी मोकळ्या जागेपासून सुरू होणारी आणि भरगच्च चिन्हापर्यंत जाणारी पुढील दहा चिन्हांची उतरंड चालेल. तिचे पहिले चिन्ह म्हणजे मोकळी जागा.

 .:-=+*#%@

उजळपणा काढताना तांबड्या, हिरव्या आणि निळ्या किमतींची सरळ सरासरी घेऊ नये. डोळ्याला हिरवा रंग सर्वांत उजळ आणि निळा सर्वांत मंद वाटतो, म्हणून या तिघांना अनुक्रमे ०.२९९, ०.५८७ आणि ०.११४ असे वजन देण्याची रूढ पद्धत आहे. एका पिक्सेलमध्ये तांबडा २००, हिरवा १५० आणि निळा १०० आहे असे समजा. सरळ सरासरी १५० येते. तिला १० ने गुणून २५६ ने भागले, तर पूर्णांक ५ मिळतो आणि, मोजणी शून्यापासून होत असल्यामुळे, अधिकचे चिन्ह छापले जाते. वजनी हिशेबाने उजळपणा १५९ येतो, पूर्णांक ६ मिळतो आणि अधिकच्या जागी तारका येते. एका घरापुरता हा फरक क्षुल्लक वाटेल, परंतु अवघ्या दहा छटांत चेहरा उभा करायचा असताना गालाची एक पायरी चुकणे पुरेसे घातक ठरते. पिलो या पायथॉन ग्रंथालयात चित्र ‘एल’ प्रकारात, म्हणजे करड्या छटांत बदलले, की हा हिशेब आपोआप होतो.

खरी अडचण मात्र याच्याही आधीची आहे. ४००० गुणिले ३००० पिक्सेलचे छायाचित्र ८० रकाने आणि ३० ओळींत आणले, की एका चिन्हाच्या वाट्याला ५० गुणिले १०० म्हणजे ५,००० पिक्सेल येतात. त्यातला एखादाच पिक्सेल उचलला तर चित्र दाणेदार होते. सगळ्यांची सरासरी घेतली तर आकार टिकतात, पण बारकावे पुसले जातात. सरासरीच घ्यावी, परंतु त्याआधी चित्र निर्दयपणे कापावे. मागची भिंत, खांदे आणि डोक्यावरचे आभाळ काढून फक्त चेहरा ठेवला, छायाप्रकाशातला फरक वाढवला, की साधा प्रोग्रॅमही देखणे काम करतो. माझ्या मते या कामात उत्तम साधन निवडण्यापेक्षा चित्राची पूर्वतयारीच अधिक फळ देते. छटांच्या पायऱ्या फार ठसठशीत दिसत असतील, तर १९७६ साली प्रसिद्ध झालेली फ्लॉइड-स्टाइनबर्ग पद्धत वापरून पाहावी. प्रत्येक घरात उरलेली चूक, म्हणजे खरा उजळपणा आणि छापलेल्या चिन्हाची छटा यांतला फरक, ती शेजारच्या घरांना उजवीकडे ७, खाली डावीकडे ३, थेट खाली ५ आणि खाली उजवीकडे १, अशा सोळांशांत वाटून टाकते.

आलेखांसाठी मात्र हा मार्गच सोडावा. आलेखाची बारीक रेघ सरासरीत विरून जाते. आलेख काढणाऱ्या ग्नूप्लॉट या प्रोग्रॅममध्ये ‘डम्ब’ नावाचा टर्मिनल-प्रकार निवडला, तर मूळ आकड्यांवरूनच अक्षरांचा आलेख काढला जातो आणि तो नीट वाचता येतो.

प्रश्न : टर्मिनलमध्ये चित्रे दाखवणारा चाफा हा प्रोग्रॅम माझ्या लॅपटॉपवर जवळजवळ खऱ्यासारखे छायाचित्र दाखवतो, कार्यालयातल्या संगणकावर तेच चित्र ठोकळेबाज दिसते आणि टीमक्समध्ये (एका टर्मिनलमध्ये अनेक सत्रे चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) शिरले की आणखी निराळे. एकाच आज्ञेचे असे वेगवेगळे परिणाम का व्हावेत? (सर्व्हर सांभाळणारे एक वाचक, नागपूर)

उत्तर : समोरच्या टर्मिनलची ऐपत पाहून चाफा आपली पद्धत ठरवतो. ठोकळेबाज दिसणारे चित्र बहुधा अर्ध्या ठोकळ्यांचे असते. युनिकोड या चिन्हांच्या जागतिक संचात घराचा फक्त वरचा अर्धा भाग भरणारे ▀ असे चिन्ह आहे. त्याला अक्षराचा एक रंग आणि पार्श्वभूमीचा दुसरा रंग दिला, की एका घरात एकावर एक असे दोन चौरस पिक्सेल मिळतात. वर सांगितलेल्या ८० गुणिले ३० घरांत यामुळे ८० गुणिले ६० पिक्सेलचे रंगीत चित्र बसते आणि ताणले जाण्याचा प्रश्नही आपोआप सुटतो. टर्मिनल २४ बिटांचे, म्हणजे लक्षावधी छटांचे रंग जाणत असेल तर रंगांचे संक्रमण मऊ दिसते. केवळ २५६ रंग असतील तर आभाळात पट्टे उमटतात. ब्रेल लिपीची चिन्हे वापरली तर एका घरात दोन गुणिले चार असे आठ ठिपके मिळतात, म्हणजे तेवढ्याच जागेत १६० गुणिले १२० ठिपके. मात्र एका घरातल्या सगळ्या ठिपक्यांना एकच रंग घ्यावा लागतो. त्यामुळे रेखाचित्रांना ब्रेल आणि छायाचित्रांना अर्धे ठोकळे, ही विभागणी मला योग्य वाटते.

आपल्या लॅपटॉपवर जे दिसते, ते मात्र अक्षरांचे चित्र नसावे. काही टर्मिनल खरे पिक्सेलही स्वीकारतात. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनची सिक्सेल ही त्यातली जुनी पद्धत. तिच्यात उभे सहा पिक्सेल एका छापील चिन्हात बांधलेले असतात. सहा ठिपक्यांचे ६४ प्रकार होतात आणि प्रश्नचिन्हापासून पुढची ६४ चिन्हे त्यासाठी राखलेली आहेत. सगळा मजकूर साध्या अक्षरांचाच असल्यामुळे तो एसएसएचमधून विनातक्रार प्रवास करतो. नव्या पद्धतींपैकी किटी या टर्मिनलची पद्धत अधिक सुबक आहे. तिचे निर्माते कोविद गोयल हे मूळचे मुंबईचे असून, ई-पुस्तकांचा कॅलिबर हा प्रोग्रॅमही त्यांचाच आहे.

टीमक्स हा आपला प्रोग्रॅम आणि टर्मिनल यांच्यामध्ये बसलेला असतो. पडद्यावरच्या प्रत्येक घराचा हिशेब तो स्वतः ठेवतो आणि न समजलेले संकेत पुढे जाऊ देत नाही. तिथे चाफाला ‘फॉरमॅट’ या पर्यायात ‘सिम्बॉल्स’ असे स्पष्ट सांगावे. चित्र थोडे ठोकळेबाज येईल, पण सगळीकडे सारखेच येईल.

प्रश्न : इंग्रजी चिन्हांऐवजी मराठी अक्षरांनी असे चित्र काढता येईल का? मुलांना शिवनेरीचे छायाचित्र देवनागरीत दाखवावे अशी इच्छा आहे. (शिक्षिका, जुन्नर)

उत्तर : येईल, पण वर्णमाला घेऊन नव्हे. टर्मिनल प्रत्येक चिन्हाला ठरावीक रुंदीची घरे देते. देवनागरीचे अक्षर या शिस्तीत बसत नाही. ‘कि’ लिहिताना वेलांटी क नंतर साठवली जाते आणि दिसते मात्र आधी. जोडाक्षराला किती घरे द्यावीत याबद्दल टर्मिनलांत एकमत नाही. सुटी मात्रा किंवा सुटा विसर्ग छापला तर सोबत तुटक वर्तुळ उमटते. शिवाय ठरावीक रुंदीचे देवनागरी फॉन्ट थोडेच असल्यामुळे, टर्मिनल दुसऱ्याच फॉन्टमधून अक्षर उसने आणते आणि ते घराबाहेर सांडते किंवा कापले जाते.

दुसरी अडचण शिरोरेखेची. ग असो वा क्ष, माथ्यावरची रेघ जवळजवळ प्रत्येक अक्षरात असतेच. परिणामी कोणतेही अक्षर पुरेसे फिके होत नाही आणि ओळीओळीला आडवे पट्टे पडतात. म्हणून शिरोरेखा नसलेली चिन्हे घ्यावीत, म्हणजे मोकळी जागा, दंड आणि ० ते ९ हे अंक. त्यांचा क्रम मनाने लावू नये. जो फॉन्ट वापरायचा आहे त्यात प्रत्येक अंक पिलोच्या साहाय्याने सारख्या चौकटीत काढावा, भरलेले पिक्सेल मोजावेत आणि त्या मोजणीनुसार उतरंड लावावी. छटा कमी मिळतील, पण आभाळासमोर उठून दिसणारी गडाची कडा असलेले छायाचित्र निवडले तर पाच-सहा छटांतही काम भागते.

प्रश्न : ही कल्पना संगणकाइतकीच जुनी आहे का? (एक वाचक, पणजी)

उत्तर : त्याहून जुनी. टंकलेखनयंत्रावर फ्लोरा स्टेसी यांनी काढलेले फुलपाखरू १८९८ सालचे आहे. संगणकावर १९६६ साली बेल प्रयोगशाळेत केनेथ नोल्टन आणि लिऑन हार्मन यांनी एका नर्तिकेचे छायाचित्र बारीक चिन्हांच्या घनतेतून उभे केले. जवळून केवळ चिन्हे आणि लांबून देह, अशी त्याची रचना होती.

प्रश्न : टर्मिनलमध्ये सुंदर दिसलेले चित्र फाइलमध्ये साठवून मित्राला ईमेलने पाठवले, तर त्याला कंस, आकडे आणि अर्धविरामांचा नुसता खच दिसला. (विद्यार्थिनी, कोल्हापूर)

उत्तर : तो खच म्हणजे रंगांचे संकेत आहेत. टर्मिनल ते गिळून रंग दाखवते, ईमेल मात्र ते जसेच्या तसे छापते. मित्राने ती फाइल टर्मिनलमध्ये दाखवली किंवा ‘लेस’ हा प्रोग्रॅम मोठ्या ‘आर’ पर्यायासह वापरला, तर चित्र पुन्हा दिसेल. ईमेलमध्येच दाखवायचे असेल तर चाफाच्या ‘कलर्स’ पर्यायात ‘नन’ लिहून बिनरंगी चित्र तयार करावे आणि ठरावीक रुंदीच्या फॉन्टमध्ये ते चिकटवावे. तसा फॉन्ट नसेल तर मोकळ्या जागा आक्रसतात आणि ओळी एकमेकींखालून सरकतात. ईमेल बहुधा पांढऱ्या पडद्यावर वाचला जातो, तेव्हा चिन्हांची उतरंड उलटी करायलाही विसरू नये. चाफात त्यासाठी ‘इन्व्हर्ट’ हा पर्याय आहे.