मानेचा मार जुना झाला, तरी हात बधिर आहे. हे कधी जाणार?

तुम्ही लिहिलंय की मानेला मार लागून सहा वर्षं झाली, ऑपरेशन झालं, तरी उजवा हात बधिर आहे आणि रात्री आग होते. शेवटी जाता जाता हेही लिहिलंय की दिवाळीपासून चालताना पायातली चप्पल निसटते. त्या चपलेचं मी शेवटी लिहिलंय, पण ते आधी वाचा.

मी फैजपूरकडचा, केळीवाला. 2012 साली रात्री सावद्याहून येताना बिनदिव्याच्या ट्रॉलीवर मोटरसायकल गेली. मानेचा पाचवा-सहावा मणका. प्लेट-स्क्रू बसवले, तीन महिने गळ्यात पट्टा. चालायला लागलो, पण डावा अंगठा आणि शेजारचं बोट तेव्हा जे झोपलं ते अजून उठलेलं नाही. डॉक्टर तेव्हाच म्हणाले होते, जे यायचं ते बहुतेक वर्ष-दोन वर्षांत येतं. मी मात्र पाच वर्षं वाट बघितली, मालिशवाल्यांची धन केली. एका हाडवैद्याने मान मोडायला हनुवटी धरली तेव्हा उठून पळालो. ऑपरेशन झालेली मान कोणालाही मोडू देऊ नका, कटिंगवाल्यालासुद्धा.

आग, मुंग्या, करंट हे नसेचं दुखणं. साध्या पेनकिलरला ते फारसं दाद देत नाही. मी दोन वर्षं त्याच खाल्ल्या. पित्त वाढलं, आणि आमच्या मे महिन्याच्या उन्हात अंगात पाणी कमी असताना त्या गोळ्या म्हणजे किडनीशी खेळ. नसेच्या गोळ्या वेगळ्या असतात. मला प्रेगाबालिन दिली, कोणाला अ‍ॅमिट्रिप्टिलिन देतात. दुखणं निम्म्यावर आलं, गेलं नाही. सुरुवातीला चक्कर यायची, त्यात शेतीची लाइट रात्रीची. अंधारात विहिरीवर मोटार चालू करायला निघालो तर बायकोने टॉर्च हिसकावून पुतण्याला पाठवलं. बरं वाटतंय म्हणून ती गोळी एकदम तोडू नका. मी तोडली आणि तीन रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. कमी करायची तर डॉक्टरांना विचारून, हळूहळू.

बधिरपणाला मात्र गोळी नाही, तिथे डोळे वापरावे लागतात. एकदा शेतात भरिताचा बेत होता. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली आणि सवयीने मी डाव्या हाताने सालं काढत बसलो. गप्पा चालू. मेव्हणा म्हणाला, "दाजी, बोट बघा." अंगठ्याची कातडी पांढरी होऊन सुटली होती आणि मला पत्ता नव्हता. तेव्हापासून गरम काही असलं की उजवा हात पुढे. अंघोळीचं पाणीसुद्धा उजव्यानेच बघतो, आणि झोपताना दोन्ही हात नजरेखालून घालतो, कुठे कापलंय का, फोड आलाय का.

रोटाव्हेटर मी सोडला. सारखं मागे वळून बघावं लागतं, वर ट्रॅक्टरचे हादरे. संध्याकाळी खांद्यापासून बोटापर्यंत वणवा. आता ते काम पुतण्याकडे. उशी एकच, पातळ. कूलरचा झोत मानेवर नको. थंडीत दुखणं वाढतंच, मफलर गुंडाळायला लाजू नका.

आता चप्पल. हात सहा वर्षं तसाच आहे, तो जुना हिशोब. पाय दिवाळीपासूनचा, तो नवा. 2021 साली मला शर्टाची बटणं लावता येईनात. जुनंच असेल म्हणून चार महिने घालवले. एमआरआयमध्ये निघालं की जोडलेल्या मणक्याच्या वरची गादी सरकून मज्जारज्जूवर टेकली होती. दुसरं ऑपरेशन झालं. बटणं आता लागतात, पण वेळ लागतो, आणि डॉक्टर म्हणाले लवकर आला असता तर बरं झालं असतं. चप्पल निसटणं, चालताना तोल जाणं, बोटांची बारीक कामं बिघडणं, ही सगळी त्याच घरची लक्षणं असू शकतात. लघवी-संडासचा ताबा सुटला तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, दवाखाना गाठा.

या आठवड्यातच न्यूरोसर्जनला दाखवा. ऑपरेशनच्या वेळच्या फिल्मा माळ्यावर असतील त्या शोधून सोबत न्या, नव्याशी ताडून बघायला लागतात. आणि डॉक्टरांसमोर हाताचं गाऱ्हाणं नंतर, चपलेचं आधी सांगा.