पंखे नकोत, पगार दे

चिरंजीवास अनेक आशीर्वाद,

आजोबांच्या ट्रस्टमधून यंदा कैद्यांसाठी काही करायचं म्हणतोस, वाचून बरं वाटलं. इंदूरच्या आपल्या मंडळींकडे शाळेसाठी गेलं की हात लगेच खिशात जातो. कैद्यांचं नाव काढलं की चहा येतो, चेक येत नाही.

तुझ्या यादीतले पंखे, ब्लँकेटं आणि आजोबांच्या नावाची पाटी मात्र काढून टाक. देशातल्या तुरुंगांत चारांतल्या तिघांचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नाही; 2022 अखेर असे कच्चे कैदी 4,34,302 होते. त्यांतले काही जामीन मंजूर होऊनही आतच राहतात. समज, झाबुआ जिल्ह्यातून मजुरीला इंदूरला आलेला पोरगा. त्याला इथे जामीनदार कोण मिळणार? गावात काकाकडे जामिनासाठी दाखवायला जमिनीची ऋणपुस्तिका, म्हणजे मालकीची सरकारी पुस्तिका, आहे. पण काकाला निरोप कोण देणार, त्याची बुडालेली मजुरी, बसभाडं कोण भरणार? शिवाय पुस्तिकेत रामसिंग आणि आधारवर रामसिंह निघाला, की गेलं कोर्टाच्या पुढच्या तारखेवर.

जामिनाची रक्कम आपणच भरू, असं म्हणशील. त्यासाठी 2023 पासून केंद्राची गरीब कैद्यांसाठीची योजना आहे. 2023 च्या मूळ नियमांत जिल्ह्याची समिती कच्च्या कैद्यासाठी 40,000 रुपयांपर्यंत मंजूर करू शकत होती. जामीन होऊन सात दिवसांत सुटका झाली नाही तर तुरुंग अधीक्षकानं जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला (मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या सरकारी संस्थेला) कळवावं, असं सुप्रीम कोर्टानंही त्याच वर्षी सांगितलंय. नसतं ते फाईल घेऊन पायपीट करणारं माणूस. ते तू ठेव. एक तरुण वकील, एक समाजकार्य शिकलेली मुलगी, तीन वर्षांचा पगार, प्राधिकरणाशी लेखी ठरवून. एका वर्षाचा करार केलास तर कारकुनांशी ओळख होईतो दोघं दुसरी नोकरी शोधू लागतील. (कंपनीच्या सीएसआरमधून द्यायचं असेल तर आधी सीएला विचार. सीएसआरचा पैसा कशाला चालतो त्याची यादी कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत आहे, तिच्यात कायदेशीर मदतीचं नाव नाही.)

किती सुटले एवढंच विचारत बसू नको, नाहीतर ते सोप्याच केसेस उचलतील. कुठला कागद कुणाच्या टेबलावर किती दिवस पडला, याची वही ठेवायला लाव. टाटा ट्रस्ट्सच्या पुढाकारानं 2019 मध्ये निघालेल्या इंडिया जस्टिस रिपोर्टनं तेच मोठ्या प्रमाणावर केलं: सरकारचेच आकडे घेऊन पोलीस, तुरुंग, कोर्टं आणि कायदेशीर मदतीत कुठलं राज्य कुठे आहे ते मांडलं. सरकारला स्वतःबद्दल असं विचारणं जड जातं. आपल्याला जाऊ नये.

कुणाचा अर्ज आधी, हे ट्रस्टींनी ठरवायचं नाही. चोरीवाला चालेल, तो दुसरा नको, असं कुणीतरी म्हणेलच. घटनेचं 39-अ कलम त्यांच्यापुढे ठेव. मोफत कायदेशीर मदतीची जबाबदारी तिथे राज्यावर टाकलीय, आपल्या आवडीनिवडीवर नाही.

प्राधिकरणाच्या सचिवांना द्यायच्या पत्राचा मसुदा शनिवारपर्यंत पाठव. दुरुस्त्या करून ठेवतो.

तुझा,
वकीलकाका