बुलेटचे छोटे पार्ट घरीच पावडर कोटिंग करायचेत, 8 हजारात टेबलावर मावेल असा कन्व्हेक्शन ओव्हन कुठला घ्यावा?

भाऊ, तुमच्या प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की व्हिडिओत सगळे 400 डिग्री सांगतात आणि इथल्या दुकानातला एकही ओव्हन 250 च्या वर जात नाही, म्हणून गोंधळ झालाय. आधी तोच सोडवतो. (नवख्यांसाठी: पावडर कोटिंग म्हणजे रंगाची कोरडी पावडर धातूवर चिकटवून ती ओव्हनमध्ये भाजून पक्की करणं, आणि कन्व्हेक्शन ओव्हन म्हणजे आत फॅनने गरम हवा फिरवणारा.) तुम्ही 'बुलेट पावडर कोटिंग ओव्हन' असं शोधलं असणार. जे व्हिडिओ आले ते आपल्या धकधक बुलेटचे नाहीत, अमेरिकेतले लोक घरी शिसं ओतून बंदुकीच्या गोळ्या करतात आणि त्यांना पावडर कोटिंग करतात, त्याचे आहेत. मीही सुरुवातीला हेच शोधून बसलो होतो आणि अर्धा तास मला कळेना की हा बाबा सायलेन्सर कधी दाखवणार. त्यांचं 400 म्हणजे फॅरनहाइट, आपल्या हिशोबात 204 सेल्सिअस. शिसं वितळतं 327 ला, म्हणून त्यांचं काम 204 ला निभतं. आपल्याकडे गोळ्या करायचं काम वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत होतं, घरी विनापरवाना केलं तर आर्म्स ॲक्ट लागतो, त्यामुळे तो विषय तिथेच सोडा.

पण त्या व्हिडिओतून एक गोष्ट नीट समजून घ्या, नाहीतर ओव्हन चुकीचा घ्याल. गोळी असते बोटाच्या पेराएवढी. प्लास्टिकच्या डब्यात पावडरसोबत हलवली की पावडर चिकटते, ट्रेवर ठेवायची, वीस मिनिटं भाजायची. एवढ्याशा मालाला छोटा टोस्टर ओव्हनसुद्धा पुरतो. तुमचा फूटरेस्ट, स्टँड, टूलबॉक्सचं झाकण हे किलो-दोन किलोचं लोखंड आहे, ते तापायलाच वेळ लागतो. त्यामुळे त्यांनी 'स्वस्त आणि मस्त' म्हटलेलं माप आपल्या कामाचं नाही.

माझं अमळनेरला फॅब्रिकेशनचं छोटं शेड आहे, गेट-ग्रिलचं काम, आणि गाड्यांचे पार्ट कोटिंग करणं हा शौक म्हणून सुरू केलं, आता ओळखीतले चार लोक आणून देतात. पहिला ओव्हन मी जुना घेतला होता, 19 लिटरचा, बिनफॅनचा, भाव बघून भुललो. त्यात एका बुलेटचा साइड स्टँड भाजला तर वरच्या रॉडकडची बाजू करपून तपकिरी आणि खालची बाजू थिनरच्या फडक्याने पुसली तर सगळा रंग फडक्यावर. माझ्याकडे एक जुने मिस्त्री यायचे, ते बघून फक्त एवढंच म्हणाले, "हाई काय कामनं?" आणि चहा पिऊन गेले. तेव्हा राग आला होता, पण खरं होतं.

झालं काय होतं तर पावडर भाजते ती धातूच्या तापमानावर, ओव्हनच्या हवेच्या नाही. डब्यावर लिहिलेलं असतं ना, 200 डिग्रीला 10 मिनिटं, त्याचा अर्थ तो तुकडा स्वतः 200 ला पोचल्यानंतर 10 मिनिटं. लोक बटण 200 वर ठेवून दहा मिनिटांनी काढतात आणि मग पावडरला शिव्या देतात. जाड स्टँडला तिथपर्यंत पोचायलाच पंधरा-वीस मिनिटं लागतात, कधी जास्त. पूर्ण भाजलं नाही तर रंग दिसायला चकाचक दिसतो पण दोन महिन्यांत पापुद्रे सुटतात, आणि जास्त भाजलं तर पांढरा पिवळा पडतो. काळा रंग ही चूक लपवतो म्हणून सुरुवात काळ्यानेच करा.

म्हणून ओव्हन निवडताना लिटर, रोटिसरी, किती मोड, स्टीलची बॉडी हे सगळं नंतर. बघायचं एवढंच की आत सगळीकडे सारखी उष्णता राहते का आणि तो 200 ला अर्धा तास टिकतो का.

आता दुकानातला घोळ. आपल्याकडे दुकानात जाऊन 'कन्व्हेक्शन' म्हटलं की सेल्समन नव्वद टक्के वेळा कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह दाखवतो. तो घ्यायचा नाही. कन्व्हेक्शन मोडवर तो नुसत्या गरम हवेवर चालतो हे खरं, पण मायक्रोवेव्हचं बटण चुकून दाबलं आणि आत बुलेटचा स्टँड लटकलेला असला तर ठिणग्या उडून मशीन गेलं समजा, आणि पैसेही विनाकारण जास्त. तुम्हाला पाहिजे ओटीजी, म्हणजे ओव्हन टोस्टर ग्रिलर, ज्यात रॉड असतात, आणि त्यातही आत फॅन असलेला. बरेचसे स्वस्त ओटीजी बिनफॅनचे असतात आणि खोक्यावर मोठ्या अक्षरात 'बेकिंग' वगैरे लिहून गप्प बसतात. बजाज, मॉर्फी रिचर्ड्स, अगारो यांचे फॅनवाले मॉडेल मिळतात. मॉर्फीच्या नावात आरसीएसएस असं लांबलचक असतं त्यातला सी कन्व्हेक्शनचा. तरी नावावर जाऊ नका, दुकानात दार उघडून आत बघा, मागच्या किंवा बाजूच्या भिंतीला जाळी आणि तिच्यामागे पाती दिसली पाहिजेत. आणि वरचा-खालचा रॉड वेगवेगळा चालू करता आला पाहिजे, ते फार उपयोगी पडतं.

साइज. 40 लिटर म्हणजे आतून अंदाजे 40 बाय 32 बाय 31 सेंटिमीटर, हे हिशोबाने सांगतोय, प्रत्येकाचं थोडं इकडे-तिकडे असतं. पण त्यातलं सगळं वापरता येत नाही, कारण पार्ट तारेने लटकवायचा असतो आणि रॉडपासून निदान चार-पाच सेंटिमीटर लांब ठेवायचा असतो, नाहीतर माझ्या साइड स्टँडसारखं होतं. मी रॉड आणि पार्टच्या मध्ये पातळ पत्र्याचा आडोसा टाकतो, म्हणजे रॉडची झळ थेट लागत नाही, हवेनेच भाजतं. हा जुगाड फुकटातला आहे आणि याने जितका फरक पडला तितका ओव्हन बदलूनही पडला नसता असं मला कधीकधी वाटतं. पत्र्याने हवेचा रस्ता मात्र बंद करू नका, सगळ्या बाजूंनी फट ठेवा.

बुलेटचं चेनकव्हर यात मावणार नाही, मडगार्ड तर विसरा. त्यासाठी जळगाव नाहीतर धुळ्याच्या एमआयडीसीत पावडर कोटिंगचं जॉबवर्क करणारे आहेत त्यांच्याकडे द्या, दोन मडगार्डसाठी मोठा ओव्हन बनवायच्या भानगडीत पडू नका. घरी फूटरेस्ट, ब्रेक पेडल, गिअर लिव्हर, ब्रॅकेट, हॉर्नची पट्टी, टूलबॉक्सचं झाकण एवढं करा.

आता आपल्या भागाचा खरा प्रॉब्लेम, लाइट. 40 लिटरच्या आसपासचे ओटीजी 1600 ते 2000 वॉटचे असतात. 2000 वॉट म्हणजे 230 व्होल्टला जवळपास पावणेनऊ अँपिअर, हे साध्या 6 अँपिअरच्या प्लगवर चालवायचं नाही, माझा एक बोर्ड असाच वितळलाय. 16 अँपिअरचा सॉकेट, स्वतंत्र एमसीबी, 2.5 स्क्वेअर एमएमची वायर, एक्सटेन्शन बोर्ड अजिबात नाही. आणि रब्बीच्या दिवसांत आजूबाजूच्या शेतातले पंप चालू झाले की व्होल्टेज 190 वर येतं, तेव्हा तोच 2000 वॉटचा रॉड 1365 च्या आसपास वॉट देतो, कारण वॉट व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशोबाने पडतात. म्हणजे ओव्हन खराब नसतो, त्याला खायलाच कमी मिळत असतं. म्हणून 1200-1300 वॉटचा छोटा घेऊ नका, तो अशा वेळी 200 गाठायलाच रडतो. मी तर व्होल्टेज बघूनच काम काढतो, दुपारी पंप बंद असले की.

बटणावरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका हे आता सांगायला नको, तरी सांगतो. माझ्या सध्याच्या ओव्हनचं बटण 200 वर असताना खालच्या जाळीपाशी 165 आणि वरच्या कोपऱ्यात 220 निघालं होतं, तेही फॅन चालू असताना. आत एक साधा पत्तीचा थर्मोस्टॅट असतो, तो रॉड चालू-बंद करतो आणि त्यात पंधरा-वीस डिग्री वर-खाली होतंच. त्यामुळे काटकसर करायची असेल तर ओव्हनमध्ये करा, थर्मामीटरमध्ये नाही. के टाइप थर्मोकपल (टोकाशी तापमान मोजणारी तार) लावता येणारा मल्टीमीटर घ्या, त्याची तार दाराच्या फटीतून आत घ्या आणि टोक पार्टच्या भोकात किंवा मागच्या बाजूला, जिथे कोटिंग दिसणार नाही तिथे, तारेने घट्ट आवळा. तो आकडा 200 झाला की मग घड्याळ लावा. लेझरवाला टेंपरेचर गन चकचकीत धातूवर खोटं सांगतो, त्याच्या नादी लागू नका.

पुढे हात बसला की पीआयडी कंट्रोलर (तापमान बघून रॉडला नेमकी तेवढीच लाइन देणारा) आणि एसएसआर (त्याच्या सांगण्यावर रॉड चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) लावून ओव्हनचा थर्मोस्टॅट फुल करून ठेवता येतो, मग तापमान दोन-तीन डिग्रीत राहतं. पण एसएसआरला हीटसिंक (त्याची उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा) पाहिजे आणि फॅनची लाइन वेगळी ठेवावी लागते, नाहीतर रॉड बंद झाला की फॅनही बंद. वायरिंग येत नसेल तर इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या, बॉडीला अर्थिंग तपासून. अर्थिंग तर पावडर गनसाठीही (पावडरला विजेचा भार देऊन पार्टवर मारणारी गन) लागतं, पार्टला अर्थ नसला की पावडर चिकटत नाही, खाली सांडते. आपल्याकडे मे महिन्यात जमीन इतकी कोरडी होते की मी अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतूनच काम सुरू करतो, शेजारचे म्हणतात ह्याने झाड कुठे लावलंय.

आणि मेचंच सांगतो, पावडरचा डबा पत्र्याच्या शेडमध्ये ठेवू नका. बाहेर 45 असतं तेव्हा आत डब्याला काय वाटत असेल, पावडर आतल्या आत गोळे धरते आणि मग गनमधून पचक पचक पडते. माझी पाच किलो पावडर अशी वाया गेली. घरात गार खोलीत, झाकण घट्ट लावून ठेवा.

आत टाकण्याआधी रबरी बुश, बेअरिंग, प्लास्टिक सगळं काढा. ऑइल किंवा गॅस भरलेला कुठलाही बंद पार्ट, शॉकॲब्सॉर्बर वगैरे, ओव्हनमध्ये टाकायचा नाही, फुटू शकतो. ॲल्युमिनियमची ओतीव कव्हरं असतील तर आधी नुसतीच 200 ला अर्धा तास भाजून घ्या, त्यांनी वर्षानुवर्षं ऑइल पिलेलं असतं, ते बाहेर येऊ द्या, नाहीतर कोटिंगमध्ये टाचणीच्या टोकाएवढी भोकं पडतात. पार्ट आत टाकल्यावर पहिली चार-पाच मिनिटं, वेगळा बंद करता येत असेल तर, फॅन बंद ठेवा, पावडर कोरडी असते तोवर उडू शकते. काचेतून ती ओली-चमकदार झालेली दिसली की फॅन चालू. म्हणून आत दिवा असलेला ओव्हन बरा.

पावडर मारायची ती ओव्हनपासून लांब. हवेत उडालेली पावडर ठिणगीने पेट घेते, आणि नाकात गेली तर तेही वाईटच, चांगला मास्क लावा. भाजताना वास आणि धूर निघतो, शेडचा दरवाजा उघडा आणि एक्झॉस्ट फॅन पाहिजेच, घरातल्या स्वयंपाकघरात हे करायचं नाही. आणि एकदा पावडर भाजलेल्या ओव्हनमध्ये परत खायचं काही करायचं नाही, किती घासला तरी नाही. आमच्या घरी आईने विचारलंच होतं, एवढा मोठा आणलाय तर त्यात भरताची वांगी भाजून दे. मी ओव्हनवर मार्करने 'विष' लिहून ठेवलंय. वांगी तशीही काड्यांच्या जाळावरच चांगली लागतात.

तर 8 हजारात: फॅनवाला ओटीजी, 38 ते 45 लिटर, 250 डिग्रीपर्यंत जाणारा, 1800-2000 वॉट, 60 मिनिटांचा टायमर, आत दिवा. ऑनलाइन सेल लागला की बसतं, पण मल्टीमीटर आणि थर्मोकपलचे पैसे आधी बाजूला काढा. जुना मिळत असेल तर जरूर घ्या, फक्त फॅन फिरतो का, दाराची स्प्रिंग घट्ट बसते का आणि दोन्ही रॉड लाल होतात का ते स्वतः दुकानात लावून बघा, पंधरा मिनिटं. आणि जाताना टूलबॉक्सचं झाकण पिशवीत घालून न्या, दुकानदार हसेल, हसू द्या, आत लटकवून चारही बाजूला बोटं जातात का बघा.