आयव्हीएफचं पॅकेज या महिन्यात भरू नका

प्रश्न: आम्ही नाशिकला राहतो. माझं वय ३१, मिस्टरांचं ३४. लग्नाला चार वर्षं झाली. मला पीसीओएस (बीज वेळेवर तयार न होण्याचा हार्मोनचा त्रास) आहे, पाळी दीड-दोन महिन्यांनी येते. नळ्या उघड्या आहेत, मिस्टरांचा रिपोर्ट नॉर्मल आहे. एका सेंटरने आयव्हीएफच्या (टेस्ट-ट्यूब बेबी) दोन सायकलचं २ लाख ६० हजारांचं पॅकेज सांगितलंय, औषधं वेगळी. या महिन्यात भरलं तर ३० हजार सूट. आमच्या नेहमीच्या डॉक्टर मात्र आधी लेट्रोझोलच्या गोळ्या घ्या म्हणतात. दोघांचा मिळून हातात पगार ८२ हजार, घराचा हप्ता २१ हजार, एसआयपी ८ हजार. एफडीत २ लाख ४० हजार, नऊ वर्षं जुन्या पीपीएफमध्ये ५ लाख १० हजार. एफडी मोडून वर दीड लाखाचं पर्सनल लोन काढावं का?

उत्तर: लोन नको, आणि सवलतीची तारीख बघून पॅकेज तर नकोच. उपचार कोणते हे डॉक्टर ठरवतील. पण तुमच्या डॉक्टर जो क्रम सांगतायत तो पैशाच्या दृष्टीनेही बरोबर आहे. पीसीओएसच्या २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत बीज तयार होण्यासाठी पहिलं औषध लेट्रोझोल आहे, आणि इतर कारण नसेल तर आयव्हीएफ तिसऱ्या पायरीवर. २०१४ साली अमेरिकेत पीसीओएस असलेल्या ७५० स्त्रियांवर झालेल्या चाचणीत पाच सायकलपर्यंत लेट्रोझोल घेणाऱ्यांपैकी २७.५ टक्के स्त्रियांना मूल झालं, क्लोमिफेन हे जुनं औषध घेणाऱ्यांत १९.१ टक्के. (घरात कुणी नेटवर ‘या गोळीवर बंदी होती’ असं शोधून काढेलच. २०११ साली भारतात वंध्यत्वासाठी बंदी आली होती हे खरं, ती नंतर उठली.)

खर्च असा येतो. पाळीच्या तिसऱ्या दिवसापासून पाच दिवस रोज २.५ मिलिग्रॅम; बीज वाढलं नाही तर पुढच्या वेळी ५, मग ७.५. गोळ्यांचे पैसे किरकोळ आहेत, पैसे जातात ते सोनोग्राफीत. फॉलिकल (बीजाची पिशवी) १८-२० मिलिमीटरचं होईपर्यंत तीन-चार फेऱ्या, मग बीज फुटण्याचं इंजेक्शन. महिन्याला पाच-सहा हजार धरा. हे एसआयपी पाच महिने थांबवून भागतं, एफडीला हात लागत नाही. थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन तपासलं नसेल तर आधी ते करा. वजन जास्त असेल तर पाच-दहा टक्के उतरल्यानेही पाळी सुधारते, आणि त्याचं बिल येत नाही.

मात्र मर्यादा आजच लिहून ठेवा. ७.५ मिलिग्रॅमवरही बीज वाढत नसेल तर पाच महिने पुरे करायचा हट्ट नको. बीज नीट फुटूनही पाच-सहा वेळा राहिलं नाही, तर पुढची पायरी. वय ३७-३८ असतं, नळ्या बंद असत्या किंवा शुक्राणूंची संख्या फार कमी असती, तर मी उलट सांगितलं असतं: गोळ्यांत वेळ घालवू नका.

आता आयव्हीएफ करायचंच झालं तर. ‘औषधं वेगळी’ हे दोन शब्द सगळ्यात महाग आहेत. बीजं वाढवायची इंजेक्शनं समजा रोज १५० युनिट, दहा दिवस: १५०० युनिट, म्हणजे ७५ च्या २० कुप्या. सहाव्या दिवशी सोनोग्राफी बघून डोस २२५ केला आणि अकरा दिवस लागले, तर २१०० युनिट, २८ कुप्या. एकाच सायकलमध्ये आठ कुप्यांचा फरक. म्हणून सगळा साठा एकदम घेऊ नका, दोन-तीन दिवसांपुरता घ्या. थंड साखळीतली औषधं केमिस्ट सहसा परत घेत नाही. बहुतेक इंजेक्शनं २ ते ८ अंशांत ठेवायची असतात, फ्रीजरच्या कप्प्यात गोठली की वाया गेली. काही पावडरच्या कुप्या २५ अंशांपर्यंत चालतात, खोका वाचा. रिकॉम्बिनंट (प्रयोगशाळेत जनुकतंत्राने बनवलेलं) इंजेक्शन लघवीपासून शुद्ध केलेल्या एचएमजी या इंजेक्शनपेक्षा बरंच महाग असतं आणि मूल होण्याच्या शक्यतेत मोठा फरक दिसलेला नाही. ‘माझ्यासाठी महागडंच का?’ हे डॉक्टरांना सरळ विचारा.

तुमच्या बाबतीत आणखी एक कलम बघायचं. पीसीओएसमध्ये बीजं खूप तयार होऊन ओएचएसएस (बीजकोश सुजून पोटात पाणी साचणं) होण्याचा धोका जास्त, त्यामुळे डॉक्टर पुष्कळदा सगळे भ्रूण गोठवून पुढच्या पाळीत गर्भाशयात सोडतात. ते योग्यच आहे. पण गोठवण्याचे, वर्षभर ठेवण्याचे आणि नंतर सोडण्याचे पैसे पॅकेजमध्ये आहेत का? सायकल मध्येच रद्द झाली तर किती परत? पहिल्याच सायकलमध्ये दिवस राहिले तर दुसरीचे पैसे मिळतात की बुडतात? हे लेटरहेडवर लिहून मागा. लिहून द्यायला का-कू करणाऱ्या ठिकाणी ३० हजारांची सूट मला स्वस्त वाटत नाही. इंट्रालिपिडसारखी (शिरेतून देतात ते चरबीचं सलाइन) जोडकामं सुचवली तर पुरावा विचारा.

पैसे कुठून काढायचे? घरखर्च ४० हजार धरला तर हप्त्यासकट तीन महिन्यांचे सुमारे १ लाख ८० हजार एफडीत राहू द्या. मोकळे ६० हजार. सातव्या वर्षात शिरलेल्या पीपीएफमधून वर्षातून एकदा काढता येतं: चार वर्षांपूर्वीच्या किंवा गेल्या वर्षअखेरच्या शिल्लकीपैकी जी कमी, तिच्या निम्मे. चार वर्षांपूर्वी २ लाख ३० हजार असतील तर १ लाख १५ हजार मिळतील. बँकेत किंवा पोस्टात फॉर्म २ भरायचा. दीड लाखाच्या पर्सनल लोनला १४ टक्क्यांनी दोन वर्षं महिना ७,२०० चा हप्ता बसेल, व्याज जवळजवळ २३ हजार. पीपीएफचं ७.१ टक्के व्याज सोडणं त्यापेक्षा परवडतं. तरी कमी पडलं तर सोनेतारण, पर्सनल लोन नाही. आणि एका वेळी एकाच सायकलचे पैसे भरा.

विम्याकडून फार आशा ठेवू नका. वैयक्तिक पॉलिसीत ‘एक्सक्ल १७’ या कलमाखाली वंध्यत्वाचा खर्च बहुधा वगळलेला असतो. पण दोघांच्या कंपन्यांच्या ग्रुप पॉलिसी एचआरकडून मागवून वाचा. काहींत उपचारांसाठी मर्यादित रक्कम असते, आणि बाळंतपण व नवजात बाळ पहिल्या दिवसापासून कव्हर असतं. एकाऐवजी दोन भ्रूण सोडायचे का, हे ठरवताना ते वाचलेलं असू द्या. जुळी अपुऱ्या दिवसांची झाली तर एनआयसीयूचं (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाचं) बिल आयव्हीएफच्या बिलाला मागे टाकू शकतं.